खाद्यातली पेंड, कोंबडीचे आतडे आणि ताटातले मांस

या महिन्यात ठाणे आणि नवी मुंबई परिसरातून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाशी येऊन भिडतात: ब्रॉयलर, म्हणजे मांसासाठी वाढवलेल्या कोंबडीच्या खाद्यात प्रथिन कशातून येते आणि त्याचा तिच्या प्रकृतीवर व मांसावर काय परिणाम होतो. एक पत्र कोंबड्या वाढवणाऱ्याचे आहे, एक विकणाऱ्याचे, एक घरी शिजवणाऱ्या गृहिणीचे आणि एक गृहसंकुलातल्या रहिवाशांचे. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे; पुढच्या उत्तरांचा बराचसा पाया त्यात असल्यामुळे ते आधी वाचावे.

प्रश्न : मुरबाड तालुक्यात माझे पाच हजार पक्ष्यांचे शेड आहे. मी कोणत्याही कंपनीच्या करारात नाही. खाद्य स्वतःच दळून मिसळतो. सोयापेंडीचा भाव परवडेनासा झाला तेव्हा व्यापाऱ्याने तांदळाचे डीडीजीएस (इथेनॉल काढल्यावर उरलेला वाळवलेला चोथा), शेंगदाणा पेंड आणि सुक्या मासळीची भुकटी सुचवली. तिन्हींच्या पोत्यांवर प्रथिन ४५ टक्के लिहिलेले आहे, म्हणजे सोयापेंडीइतकेच. मागच्या लॉटमध्ये सोयापेंड बरीच कमी करून तिन्ही वापरले. पक्षी वेळेत वजनाला आले नाहीत, शेडमधली तुसाची गादी ओली राहिली, पायांना फोड आले आणि चौथ्या आठवड्यात मरतुक वाढली. प्रथिन तेवढेच असताना असे का व्हावे?
— एक कुक्कुटपालक, मुरबाड

उत्तर : पोत्यावरचा ४५ हा आकडा प्रत्यक्ष प्रथिन मोजून काढलेला नसतो. प्रयोगशाळेत मालातला नायट्रोजन मोजतात, त्याला ६.२५ ने गुणतात आणि येणाऱ्या उत्तराला कच्चे प्रथिन म्हणतात. त्यातला किती नायट्रोजन खरोखर प्रथिनातला आहे, त्या प्रथिनापैकी कोंबडीला किती पचेल आणि पचलेल्या भागात कोणती अमिनो आम्ले किती आहेत, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या आकड्यात नसते. युरियात ४६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणजे याच हिशेबाने त्याचे कच्चे प्रथिन २८७ टक्के भरते. मासळीच्या भुकटीत शेकडा पाच किलो युरिया मिसळला, तर कागदावरच्या प्रथिनात चौदा टक्क्यांच्या आसपास भर पडते. कोंबडीला मात्र गाई-म्हशींसारखे रवंथाचे पोट नसल्यामुळे त्यातले काहीही तिच्या अंगी लागत नाही. आपल्या मालात अशी भेसळ होती असे मी म्हणत नाही. तो आकडा किती सहज फुगवता येतो, एवढेच आपल्या ध्यानात यावे.

भेसळ नसली तरी फरक राहतोच, आणि माझ्या मते आपल्या लॉटचे मूळ दुखणे तिथे आहे. कोंबडीची गरज अमिनो आम्लांची असते. मका-सोया खाद्यात सर्वांत आधी मेथिओनिन कमी पडते, त्यानंतर लायसिन आणि थ्रिओनिन. विटा कितीही असल्या तरी सिमेंट संपले की गवंड्याला थांबावे लागते, तसे यांतले एक आम्ल तुटपुंजे पडले की स्नायूंची वाढ तिथेच थांबते. आता शेंगदाणा पेंडीचा हिशेब करून पाहा. दहा किलो सोयापेंडीतून सुमारे २८० ग्रॅम लायसिन मिळते, तर दहा किलो शेंगदाणा पेंडीतून जेमतेम १५० ग्रॅम. शंभर किलो स्टार्टर खाद्यात, म्हणजे पिलांच्या सुरुवातीच्या खाद्यात, साधारण सव्वा किलो लायसिन लागते. म्हणजे क्विंटलमागे दहा किलोंची अदलाबदल केली की लायसिनचा दहावा हिस्सा गेला, आणि पोत्यावरचे प्रथिन जागच्या जागी राहिले. तांदळाच्या डीडीजीएसमध्येही लायसिन सोयापेंडीच्या निम्म्याच्या आसपासच असते, आणि वाळवताना उष्णता जास्त लागली तर त्यातलेही काही साखरेशी बांधले जाऊन पक्ष्याला निरुपयोगी होते.

वजन का आले नाही याचे उत्तर इथे मिळते, आणि ओल्या गादीचेही बरेचसे याच वाटेने येते. जी अमिनो आम्ले स्नायूत वापरली जात नाहीत ती शरीर साठवून ठेवू शकत नाही. त्यांचा नायट्रोजन यकृतात यूरिक आम्ल बनतो आणि विष्ठेतून बाहेर पडतो. तो बाहेर टाकण्यासाठी पक्षी जास्त पाणी पितो. त्यात मासळीच्या भुकटीतले मीठ आले की तहान आणखी वाढते, कारण किनाऱ्यावर वाळवलेल्या स्वस्त मासळीत मीठ आणि वाळू हे दोन्ही भरपूर असतात. गादीत पडलेल्या यूरिक आम्लापासून जिवाणू अमोनिया तयार करतात. ओल आणि अमोनिया मिळून तळव्याची कातडी भाजून काढतात. आपण ज्यांना फोड म्हणता ते बहुधा हेच. तिसऱ्या आठवड्यात शेडच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतले काही पक्षी उचलून तळवे पाहण्याची सवय ठेवा. सुरुवातीला तळव्याच्या मधल्या उंचवट्यावर तपकिरी डाग दिसतो, नंतर तिथे खपली धरते आणि खाली जखम होते. तसेच पाण्याच्या भांड्याखालचे मूठभर तूस घट्ट दाबून मूठ उघडा. तूस सुटे झाले तर ठीक. गोळा तसाच राहिला तर ओल प्रमाणाबाहेर गेली असे समजावे. शेडमध्ये शिरताच आपले डोळे चुरचुरत असतील, तर तिथे चोवीस तास राहणाऱ्या पक्ष्यांच्या श्वासनलिकेवर केव्हाच परिणाम झालेला असतो.

मरतुकीचा विचार वेगळा करावा लागेल. लहान आतड्यात न पचलेले प्रथिन पुढे जाते तेव्हा ते जिवाणूंचे अन्न होते, आणि त्यावर पोसणाऱ्यांत क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स हा जिवाणू अग्रभागी असतो. तो निरोगी पक्ष्यातही थोडा असतोच. पण त्याची संख्या बेसुमार वाढली की त्याच्या विषाने आतड्याचे अस्तर कुजते. या रोगाला नेक्रोटिक एन्टरायटिस म्हणतात. प्रयोगशाळेत हा रोग मुद्दाम निर्माण करायचा असतो तेव्हा संशोधक पक्ष्यांना मासळीची भुकटी जास्त असलेले खाद्य देतात आणि सोबत कॉक्सिडिओसिस या आतड्यातल्या परजीवींच्या रोगाचा संसर्ग करतात. ही गोष्ट कुक्कुटपालकांना फारशी सांगितली जात नाही, म्हणून इथे आवर्जून लिहितो. आपल्या शेडमध्ये ओल्या गादीमुळे कॉक्सिडिओसिसला पोषक स्थिती होती आणि खाद्यात मासळीही होती. चौथ्या आठवड्यात मेलेल्या पक्ष्यांचे शवविच्छेदन झाले असते तर निश्चित सांगता आले असते. पुढच्या वेळी ताजे मेलेले दोन-तीन पक्षी पशुवैद्यकांकडे नेण्यात दिरंगाई करू नये.

मासळीची भुकटी तयार होताना ती जास्त तापली तर तिच्यात गिझेरोसिन नावाचा पदार्थ तयार होतो. त्यामुळे पोटात आम्ल बेसुमार सुटते, पेट्याचे, म्हणजे दाणे भरडणाऱ्या जाड स्नायूंच्या पोटाचे, अस्तर खरवडल्यासारखे होते आणि काळपट ओकारी येते. पेटा उघडल्यावर आतले पिवळे अस्तर फाटलेले व काळे दिसले, तर आधी या भुकटीवर संशय घ्यावा. साल्मोनेला हा जिवाणू या मालाबरोबर येणारा आणखी एक पाहुणा, आणि तो कोंबडीवर थांबत नाही, माणसापर्यंत पोहोचतो.

शेंगदाणा पेंडीत अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाची भीती मोठी. मुरबाडच्या पावसाळ्यात तर ही भीती कोणत्याही साठवलेल्या मालाला आहे, पण शेंगदाणा आणि मका यांना सर्वांत जास्त. भारतीय मानकानुसार कोंबडीखाद्यात अफ्लाटॉक्सिन बी-वनची मर्यादा २० पीपीबी, म्हणजे एका टनात २० मिलिग्रॅम आहे. ते डोळ्यांना दिसत नाही, आणि बुरशी झटकून पोती उन्हात टाकली तरी विष जागेवरच राहते. याने यकृत फिकट पिवळे आणि मोठे होते, प्रतिकारशक्ती खचते, आणि राणीखेत रोगावरची लासोटा लस व गंबोरो रोगावरची लस वेळेवर देऊनही ती नीट लागत नाही. डीडीजीएसच्या बाबतीत एक भर अशी की धान्यातले पीठ इथेनॉलमध्ये गेल्यावर उरलेल्या भागात बुरशीचे विष दुप्पट-तिप्पट दाट झालेले असते. इथेनॉलचे कारखाने वाढल्यामुळे हा माल आता मुबलक आणि स्वस्त आहे, आणि चांगल्या कारखान्याचा माल खरोखर चांगलाही असतो. पण खेपेगणिक फरक पडतो, म्हणून प्रत्येक खेपेचा तपासणी अहवाल मागावा.

सोयापेंडही डोळे झाकून घेण्याजोगी नाही. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन या पाचक रसाला अडवणारे घटक असतात. ते घालवण्यासाठी पेंड शेकावी लागते. शेक कमी पडला तर प्रथिन पचत नाही आणि स्वादुपिंड सुजते. जास्त झाला तर लायसिन जळते. युरिएज चाचणीचा आकडा ०.०५ ते ०.२० च्या दरम्यान असणे हे चांगल्या शेकाचे लक्षण मानतात. घरच्या घरी पाहायचे तर पेंड तळहातावर घ्यावी: रंग फिकट सोनेरी, वास भाजलेल्या दाण्यासारखा, चव कच्च्या शेंगेसारखी उग्र नाही. गडद तपकिरी पेंड कितीही स्वस्त मिळाली तरी ती परत करावी.

भावाचा प्रश्न खरा आहे, हे मी जाणतो. २०२१ च्या उन्हाळ्यानंतर सोयाबीन क्विंटलला दहा हजार रुपयांच्या आसपास गेले तेव्हा केंद्र सरकारला ऑगस्टमध्ये १२ लाख टन सोयापेंड आयात करायला परवानगी द्यावी लागली होती, आणि त्यासाठी पहिल्यांदा खुल्या झालेल्या बंदरांत आपल्या शेजारचे न्हावा शेवाच होते. त्या वेळी कित्येक लहान शेडे बंद पडली. म्हणून सोयापेंड कमी करू नका असे मी सांगणार नाही. पण किती, केव्हा आणि कशाच्या जोडीने, हे ठरवून करावे लागेल. पहिल्या चौदा दिवसांत तिला हात लावू नये, कारण पिलाचे आतडे तेव्हा घडत असते आणि त्या वयात मागे पडलेला पक्षी पुढे क्वचितच भरून काढतो. त्यानंतर तपासलेले डीडीजीएस पाच टक्क्यांपासून सुरू करून फिनिशरमध्ये, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या खाद्यात, दहापर्यंत नेता येईल. शेंगदाणा पेंड अहवाल हाती असल्याशिवाय घेऊच नये, आणि घेतली तरी पाच टक्क्यांच्या आत ठेवावी. या अदलाबदलीत घटलेले लायसिन बाजारात मिळणाऱ्या लायसिन पावडरीने भरून काढावे; तिच्यात सुमारे ७८ टक्के लायसिन असते, म्हणजे वर पाहिलेल्या दहा किलोंच्या अदलाबदलीत पडणाऱ्या १३० ग्रॅमच्या (२८० वजा १५०) तुटीला साधारण १६५ ते १७० ग्रॅम पावडर पुरते. मासळीची भुकटी मी आपल्या शेडसाठी सुचवणार नाही.

खर्च वाचवण्याचा याहून चांगला मार्ग असा आहे की एकूण कच्चे प्रथिनच एक-दोन टक्क्यांनी कमी करावे आणि मेथिओनिन, लायसिन, थ्रिओनिन वरून द्यावे. मानकात प्री-स्टार्टरला २३, स्टार्टरला २२ आणि फिनिशरला २० टक्के प्रथिन सांगितले आहे, पण पक्ष्याला हवी ती अमिनो आम्ले पुरी पडत असतील तर त्याहून थोडे खाली उतरता येते. प्रथिनातल्या प्रत्येक एका टक्क्याच्या कपातीमागे विष्ठेतला नायट्रोजन आठ ते दहा टक्क्यांनी घटतो. सोयापेंडीत पोटॅशियम बरेच असते आणि त्यानेही पक्षी जास्त पाणी पितो. ती थोडी कमी झाली की गादी आपोआप सुकी राहू लागते. एप्रिल-मेच्या उकाड्यात याचा आणखी एक फायदा, कारण जादा प्रथिन पचवताना शरीरात उष्णता जास्त निर्माण होते. तीन टक्क्यांपलीकडे मात्र जाऊ नये; तिथे दुसरी अमिनो आम्ले कमी पडू लागतात आणि पोटात चरबी साठते. हे सूत्र कागदावर मांडून घेण्यासाठी तालुक्यातील पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांशी किंवा परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयातील पशुपोषणाच्या तज्ज्ञांशी बोलावे.

आणखी एक कळकळीची विनंती. गादी ओली झाली, विष्ठा पातळ झाली की दुकानातून प्रतिजैविकाची पुडी आणून पाण्यात टाकण्याची पद्धत आपल्याकडे रुळली आहे. मूळ कारण खाद्यात असताना औषधाने चार दिवस बरे वाटते, आणि औषधाला न जुमानणारे जिवाणू मागे राहतात. माणसाच्या गंभीर आजारात शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेले कोलिस्टिन अशाच वापरामुळे धोक्यात आले. जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारने माणसाच्या अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांत त्यावर बंदी घातली. पशुवैद्यकांच्या चिठ्ठीशिवाय औषध देऊ नये, आणि दिले तर ते शरीरातून निघून जाण्याचा सांगितलेला काळ पुरा झाल्याशिवाय पक्षी विकू नयेत.

प्रश्न : गेल्या काही महिन्यांत दोनदा असे झाले की घरी आणलेल्या चिकनला शिजताना मासळीसारखा वास आला. शिवाय पातेल्यात पाणी फार सुटते. शेजारच्या ताई म्हणतात की कोंबड्यांना हार्मोन देतात म्हणून असे होते, आणि ‘शाकाहारी खाद्यावर वाढवलेली’ असे लिहिलेली महागडी कोंबडी घ्यावी. खरे काय?
— एक गृहिणी, ऐरोली

उत्तर : वासाची शंका रास्त आहे. कोंबडी ज्या प्रकारची चरबी खाते त्या प्रकारची चरबी तिच्या अंगावर चढते. मासळीच्या भुकटीत उरलेले तेल तिच्या चरबीत उतरते, आणि ते हवेशी लवकर बिघडते. म्हणून वास गरम करताना जास्त येतो. जबाबदार उत्पादक अशी भुकटी वापरलीच तर विक्रीच्या आधीच्या दोन आठवड्यांत ती बंद करतात. पण दर वेळी दोष खाद्याचा असतो असेही नाही. मासळी आणि कोंबडी एकाच ओट्यावर कापणारी, एकच पाणी दोन्हींना वापरणारी दुकाने पुष्कळ आहेत. दोन्हींतला फरक घरी कळतो. चरबीचा छोटा तुकडा नीट धुऊन कोरड्या तव्यावर मंद आचेवर वितळवावा. वितळलेल्या चरबीलाच मासळीचा वास असेल तर तो खाद्यातून आला. धुतल्यावर वास गेला तर तो दुकानातला होता.

पाणी सुटण्याचा संबंध खाद्यातल्या प्रथिनाशी फार थोडा आहे. कापण्याआधी पक्षी उन्हात, खच्चून भरलेल्या पिंजऱ्यांत आणला गेला की त्याच्या स्नायूंत आम्ल झपाट्याने तयार होते. असे मांस फिकट, लिबलिबीत होते आणि पाणी धरून ठेवत नाही. दुसरे कारण म्हणजे सोललेली कोंबडी थंड पाण्यात बुडवून ठेवताना शोषले गेलेले पाणी, आणि तिसरे म्हणजे गोठवून सैल झालेला माल पुन्हा गोठवणे. ताज्या मांसाच्या पिशवीच्या तळाशी पाणी साचलेले दिसले तर तेच दुकान पुन्हा निवडू नये.

हार्मोनबद्दल मात्र आपल्या शेजारच्या ताईंना स्पष्ट सांगावे की ही समजूत निराधार आहे. वाढीचा हार्मोन हे स्वतःच एक प्रथिन आहे. खाद्यातून दिला तर तो डाळीसारखा पचून जाईल. म्हणून तो प्रत्येक पक्ष्याला वारंवार टोचावा लागेल, आणि हजारो पक्ष्यांच्या शेडमध्ये ते शक्यही नाही आणि परवडणारेही नाही. कोंबडी इतक्या लवकर कशी वाढते, याचे उत्तर कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाने फार सुंदर रीतीने दाखवले आहे. तिथे १९५७, १९७८ आणि २००५ या तीन काळांतल्या वाणांची पिले एकाच खाद्यावर वाढवली गेली. छप्पन्न दिवसांनी १९५७ च्या वाणाचे सरासरी वजन ९०५ ग्रॅम भरले, १९७८ च्या वाणाचे १,८०८ आणि २००५ च्या वाणाचे ४,२०२. खाद्य तेच, फरक निवड-पैदाशीचा.

‘शाकाहारी खाद्य’ या शब्दांसाठी जादा पैसे मोजण्याची मला गरज वाटत नाही. आपल्याकडचे बहुतेक ब्रॉयलर खाद्य मका आणि सोयापेंड यांचेच असते, म्हणजे लेबल नसलेली कोंबडीही बहुधा तेच खाऊन वाढलेली असते. कोंबडी स्वभावतः शाकाहारी नाहीच. अंगणातली कोंबडी दिवसभर किडेच टिपते. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे की खाद्यातल्या प्रथिनाचा स्रोत बदलला तरी छातीच्या मांसातले प्रथिन जवळपास बदलत नाही. कच्च्या मांसात ते शेकडा २२-२३ ग्रॅमच राहते. बदलते ती चरबीची जात आणि मात्रा, रंग, आणि कधी वास. मुलांना प्रथिन मिळावे म्हणून आपण चिकन करत असाल, तर स्वच्छ दुकानातली साधी कोंबडीही त्यासाठी पुरेशी आहे.

प्रश्न : माझे कळव्यात चिकनचे दुकान आहे. बोनलेस काढताना छातीच्या मांसावर पांढऱ्या रेषा दिसतात आणि गिऱ्हाईक रोगट माल म्हणून परत करते. काही गाड्यांतल्या पक्ष्यांच्या मांडीवर, पंखांवर काळे-निळे डाग असतात. काहींची कातडी पिवळी, काहींची पांढरी. यातले किती खाद्यामुळे आणि किती माझ्या हाताळणीमुळे?
— एक चिकन विक्रेते, कळवा

उत्तर : पांढऱ्या रेषा स्नायूंच्या धाग्यांना समांतर असतील तर तो संसर्ग नाही. फार वेगाने वाढणाऱ्या, भारी वजनाच्या पक्ष्यांत छातीच्या स्नायूला रक्तपुरवठा अपुरा पडतो, काही धागे मरतात आणि त्यांच्या जागी चरबी व तंतू भरतात. असे मांस खाण्यास सुरक्षित आहे. फक्त त्यात चरबी थोडी जास्त, प्रथिन थोडे कमी आणि शिजल्यावर रसाळपणा कमी असतो. अडीच किलोंवरच्या पक्ष्यांऐवजी दोन किलोंच्या आसपासचे पक्षी मागवलेत तर हे प्रमाण आपोआप घटेल. गिऱ्हाइकाला खिमा किंवा रस्सा यांसाठी हा माल सांगून द्यावा, लपवून देऊ नये.

कातडीचा पिवळेपणा पिवळ्या मक्यातल्या आणि मका ग्लुटेनमधल्या रंगद्रव्यांचा आहे. खाद्यात तांदळाची कणी, ज्वारी किंवा तांदळाचे डीडीजीएस जास्त असेल तर कातडी पांढरी राहते. ताजेपणाशी किंवा गावठीपणाशी याचा काही संबंध नाही, आणि आपल्याकडे बहुतेक गिऱ्हाईक कातडी काढूनच नेत असल्यामुळे मी याला फार महत्त्व देणार नाही.

डाग मात्र बारकाईने पाहावेत. मारल्या-आपटल्याचा डाग सुरुवातीला लाल, नंतर जांभळा आणि दिवसाभराने हिरवट होतो. दुकानात पोहोचलेल्या पक्ष्यावर हिरवट डाग असेल तर तो शेडमध्ये किंवा पक्षी भरताना पडला, ताजा लाल असेल तर गाडीत किंवा आपल्या दुकानात. आपल्या माणसांनी पक्षी एका पायाने उचलू नयेत, एवढ्याने ताजे डाग बरेच कमी होतील. मात्र एकाच शेडच्या प्रत्येक खेपेत डाग दिसत असतील आणि कलेजीही फिकट पिवळी, ठिसूळ निघत असेल, तर पुरवठादाराला सांगावे की खाद्य तपासून घ्या. अफ्लाटॉक्सिनमुळे बारीक रक्तवाहिन्या नाजूक होतात आणि साध्या धक्क्यानेही रक्त साकळते. सुऱ्यापाशी दिसलेली ही खूण शेडवाल्याला एरवी कधीच कळत नाही. ती त्याच्यापर्यंत पोहोचवणारे आपणच आहात. तशी कलेजी विकू नये.

प्रश्न : आमच्या गृहसंकुलात ओल्या कचऱ्यावर ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळ्या वाढवून खत करण्याचा विचार आहे. निघालेल्या अळ्या वाळवून पनवेलजवळच्या एका ब्रॉयलर शेडला खाद्य म्हणून देता येतील का? सोयापेंडीला हा पर्याय होऊ शकतो का?
— गृहसंकुलातील काही रहिवासी, खारघर

उत्तर : कल्पना चांगली आहे. वाळलेल्या अळ्यांत साधारण ४० टक्के प्रथिन आणि ३० टक्क्यांच्या आसपास चरबी असते, आणि त्यातली अमिनो आम्ले शेंगदाणा पेंडीपेक्षा कितीतरी संतुलित असतात. चरबीत नारळाच्या तेलासारखे लॉरिक आम्ल भरपूर असते आणि ते काही अपायकारक जिवाणूंना आवर घालते. ब्रॉयलरच्या खाद्यात पाच ते दहा टक्क्यांपर्यंत अळ्यांची भुकटी वापरल्यास वाढ सहसा मागे पडत नाही. त्यापुढे कवचातल्या कायटिनमुळे पचन घटते आणि मांसातल्या चरबीचे स्वरूपही बदलते, घट्ट प्रकारची चरबी वाढते. म्हणजे सोयापेंडीची पूर्ण जागा ती घेणार नाही, भार थोडा हलका करील.

अडचण कचऱ्याची आहे. अळी जे खाते ते पुढे जाते: कॅडमियमसारखे जड धातू तिच्या अंगात साठतात, आणि उरलेल्या मांस-मटणावर वाढवलेल्या अळ्यांतून रोगजंतू परत कोंबडीकडे येऊ शकतात. युरोपीय संघाने २०२१ मध्ये कोंबडीच्या खाद्यात कीटकांचे प्रथिन वापरण्यास परवानगी दिली, पण घरगुती आणि हॉटेलातल्या उष्ट्यावर वाढवलेल्या अळ्यांना ती लागू नाही. आपल्या संकुलातल्या मिश्र ओल्या कचऱ्यात पाव, आमटी, हाडे, कधी बॅटरी आणि प्लास्टिकही असते. म्हणून त्यावर वाढलेल्या अळ्या खाद्यासाठी देऊ नयेत. त्या कचऱ्याचे खत करावे आणि अळ्या त्यातच संपू द्याव्यात.

खाद्यासाठी अळ्या हव्याच असतील तर वेगळा वाफा करावा आणि त्याला फक्त भाजी-फळांचे अवशेष द्यावेत. तुर्भ्याच्या कृषी उत्पन्न बाजार समितीच्या भाजीपाला आणि फळ बाजारात रोज निघणारा माल यासाठी उत्तम आहे, मात्र तो कुजून बुरशी धरण्याआधी आणावा लागेल. अळ्या गोळा केल्यावर उकळत्या पाण्यातून काढून मग वाळवाव्यात, म्हणजे त्यांच्या अंगावरचे जंतू मरतील. पावसाळ्यात उन्हाच्या भरवशावर राहू नये. दमट अळ्यांच्या पिशवीला दोन दिवसांत खवट वास येतो, आणि चरबी जास्त असल्यामुळे त्यांचे तेल काढून घेतले तरच भुकटी टिकते. पहिल्या खेपेचा नमुना प्रथिन, चरबी, ओलावा, जड धातू आणि साल्मोनेला यांसाठी तपासून घ्यावा, आणि अहवाल हाती आल्यावरच पनवेलच्या शेडमालकांशी बोलणी करावीत. त्यांनीही ती चौदा दिवसांपुढच्या पक्ष्यांच्या एका लहान कप्प्यात आधी वापरून पाहावी, शेजारच्या कप्प्याला नेहमीचे खाद्य चालू ठेवावे आणि दोन्ही कप्प्यांतल्या पक्ष्यांची वजने व गादी यांची नोंद ठेवावी.